बाही सैल करण्याआधी

सोलापूर, ता. १८ नोव्हेंबर १९७४

ती. सौ. दाक्षायणी अक्कास,
सोमलिंगचा शि. सा. नमस्कार वि. वि.

अप्पांचा खांदा कामातून गेला आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत, मिरवणुकीत नंदीध्वजाची ती उंच, जड काठी त्यांना पेलणार नाही. साऱ्या भावकीसमोर त्यांनी सांगून टाकलं की यंदा माझा पोरगा सोमलिंग उचलेल. तू काळजी करू नकोस. छाती कमवायच्या स्प्रिंगा आणल्यात, डब्यातली पावडर दुधातून घेतो. आठवड्यातच दंड भरू लागलेत. सोबत तीन शर्ट आहेत. बाह्या आत्ताच सैल करून ठेव, मागाहून घाई होईल.

लोभ शिलाईत दिसू दे.
तुझा सोमलिंग

अक्कलकोट, ता. २५ नोव्हेंबर १९७४

चि. सोमलिंग यास अ. उ. आ.

आठवड्यात दंड फुगतो तो गांधीलमाशी चावल्यावर. दुसऱ्या कशाने फुगलेला मी तरी पाहिला नाही. तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांना हसता हसता ठसका लागला.

आपल्या धान्याच्या दुकानात हमाल ठेवलेले असूनही अप्पा रोज सकाळी ज्वारीची पोती स्वतः हलवत. सण असो, पाऊस असो, खाडा नाही. तू त्याच दुकानात गल्ल्यावर बसून पोट तेवढं कमावलंस. काकांचा सिदू किती वर्षं सरावाची काठी उचलतोय, पण मिरवणुकीत मागायला त्याची जीभ अजून रेटत नाही. आणि तू पावडर पितोस! यात्रेत काठी कलली तर अप्पांना गावात तोंड दाखवता येणार नाही. त्यांना खरं काय ते सांग आणि सिदूकडून शीक.

दोन शर्ट जसेच्या तसे परत पाठवते. तिसरा सापडत नाही, उंदरांनी नेला असेल.

लोभ आहे, दंड मोजून तो वाढत नाही.
तुझी अक्का

सोलापूर, ता. ८ जानेवारी १९७५

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार.

झालं तुझ्या मनासारखं. काल सरावात काठी माझ्याकडे दिली. पाऊल टाकलं आणि काठी कलली. सिदूने धावून सावरली नसती तर कुणाचं तरी डोकं फुटलं असतं. काठी टेकवायचा अप्पांचा कातडी पट्टा माझ्या कमरेला होता, तो त्यांनी सोडला आणि सिदूला बांधला. घरी येईपर्यंत माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्प्रिंगा मोडीत घातल्या. माझा हा नाद संपला.

लोभ उरला असेल तर असू दे.
सोमलिंग

अक्कलकोट, ता. १६ जानेवारी १९७५

चि. सोमलिंग यास अ. आ.

नाद लागला कधी, संपला कधी! अप्पांचा उभ्या जन्मात संपला नाही. रडायचं तर रड, पण उद्या सकाळी अर्धं पोतं उचल. परवाही अर्धंच. कंटाळा आला तरी अर्धं उचल आणि मग कंटाळ. आरशात दंड पाहत बसू नकोस, आरसा काही पोतं उचलत नाही. मला पत्रंही नकोत. शर्ट खरोखर उसवेल तेव्हा तो पाठव.

लोभ आहे म्हणून एवढं लिहिते.
तुझी अक्का

सोलापूर, ता. ७ जानेवारी १९७७

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार.

शर्ट पाठवतो आहे. बाही शाबूत आहे, खांद्यावर फाटला. गेल्या संक्रांतीला मी काठी मागितली नाही, यंदाही मागणार नव्हतो. काल सिदूच अप्पांना म्हणाला की माझं लई झालं, आता ह्याला द्या की. अप्पांनी पट्टा मागून घेतला. एका हाताने त्यांना बंद आवळता येईना. सिदू मदतीला वाकला तर त्याला ढकललं आणि स्वतःच माझ्या कमरेला बांधला.

लोभासह शिव्याही असू देत.
तुझा सोमलिंग

अक्कलकोट, ता. ११ जानेवारी १९७७

चि. सोमलिंग यास अ. उ. आ.

अप्पांचे शर्ट खांद्यावरच फाटायचे, आई ठिगळं लावून थकायची. तुझा हातात घेऊन मी खूप रडले. फुशारून जाऊ नकोस. यात्रा संपली की दुसऱ्या दिवशी पोतं आहेच.

मी एस.टी.ने येते आहे. फाटका शर्ट शिवायला सवड झाली नाही, तिसरा घेऊन येते. उंदरांनी नेला नव्हता. तुझं पहिलं पत्र वाचून हसले, त्याच दुपारी त्याच्या बाह्या आणि खांदे सैल करून पेटीत ठेवला होता.

तुझी अक्का