मऊ सुती कापड

३ जानेवारी २००२

हे परत गेले! चहा अर्धा टाकून. विजेच्या खांबांवर चिनीमातीच्या चकत्या असतात, साखर कारखाना सुरू झाला की त्यांच्यावर राख बसते. ती पुसायला. हे इंजिनिअर—खाली उभं राहून सांगितलं तरी चालतं. पण नाही, लाइन बंद करून स्वतः चढतात.

लाइनमन संगप्पा दारात हसत होता. "वहिनी, तुमची सवत खांबावर बसलीय बगा. साहेब रोज तिचं तोंड पुसून राहिलेत."

मी हसले नाही.

५ जानेवारी

समोरच्या मेसवर क्लासच्या पोरी जेवायला येतात. हे दिसले की, "काका, लाइट जाणार न्हाई ना?" आणि हे थांबतात. हसतात! त्या हदगावच्या आरतीशी तर किती बोलतात. घरात मात्र दोन शब्द नाहीत.

आमची अपूर्वा यंदा बारावीलाच असती. भूकंपाच्या रात्री किल्लारीला माझ्या आईकडे होती. दोघीही गेल्या. तिचा फोटो हे भिंतीवर लावू देत नाहीत. हार तर नाहीच. आणि लोकांच्या पोरींसाठी ही धडपड! आतून जळतं नुसतं.

८ जानेवारी

"जुनं सुती काही आहे का? मऊ पाहिजे. नायलॉननं राख निघत नाही."

मी नाही म्हणाले. अपूर्वाच्या फ्रॉकांची ट्रंक पलंगाखाली आहे. यांनाही माहीत आहे. तिकडे एकदा बघितलं, आणि स्वतःचे दोन बनियन फाडून घेऊन गेले.

९ जानेवारी

आज पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

१२ जानेवारी

पहाटे धुई पडली, समोरची मेससुद्धा दिसेना, आणि लाइट गेली. कोरडी राख काही करत नाही म्हणे. ओली झाली की करंट चकतीवरून सरकतो आणि लाइन बंद पडते. काही खांब पुसायचे राहिले होते—कापड पुरलं नाही.

मला बरं वाटलं. खरं तेच लिहिते. बसा म्हटलं अंधारात!

हे तसेच धावले. मागोमाग दार वाजलं. आरती.

"काकू, कंदील हाय का? सकाळीच क्लासमध्ये पेपर हाय."

मी तिला इथंच बस म्हणाले—का कोण जाणे. वाचता वाचता ती थांबली.

"अपूर्वा उठली न्हाई का अजून?"

मी वळून तिच्याकडे बघितलं.

"काका सांगतात ना, आमची पोरगी पण बारावीला हाय, यंदा लाइट जाऊन चालायचं न्हाई. कधी दिसत न्हाई ती. कोणत्या क्लासला हाय?"

मी कंदिलाची वात उगीच वरखाली केली.

"घरीच करते अभ्यास," म्हणाले.

१३ जानेवारी

ट्रंक उघडली. सुती होतं तेवढं यांच्यापुढे ठेवलं. पिवळा फ्रॉक यांनी उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हा राहू दे."

"न्या," मी म्हणाले. "सगळ्यात मऊ तोच आहे."