डॉलर कुणाच्या नावावर उतरवायचे

१२ नोव्हेंबर

पैसे निघालेत, पोचले नाहीत. रिव्काने रविवारीच डॉलर पाठवले, आज बुधवार. मधले दिवस ते असतात कुठे? सचिन म्हणतो, कुठे नसतात, ह्या बँकेच्या कॉम्प्युटरमधून त्या बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये जातात, झालं. नवऱ्याचं बोलणं नेहमीच असं, काटा लावून मोजलेलं. कळंबोलीच्या लोखंडबाजारात कामाला जाऊन दुसरं काय होणार.

मला ते पैसे समुद्रावर दिसतात. उरणला आम्ही धक्क्यावर बसायचो तेव्हा लांबचा प्रत्येक ठिपका बाबांचीच होडी वाटायची. दुपारभर वाटत राहायची. तेव्हा कंटाळा कसा तो यायचा नाही. आजही आला नाही. भाजी करपली तेवढी.

खांदा कॉलनीत बसून इस्राएलातल्या मुलीला, ह्या रिव्काला, मराठी शिकवते आहे मी. स्वतःशी म्हटलं तरी कुणाची तरी गोष्ट सांगतेय असं वाटतं.

१५ नोव्हेंबर

आले. म्हणजे सचिनच्या खात्यात आले, माझं वेगळं खातं नाहीच. एक आहे ते दोघांचं मिळून, आणि त्याचं कार्ड त्याच्या पाकिटात.

तिकडच्या बँकेने पाठवायचे घेतले. मधल्या कुठल्याशा बँकेने वाटेत अडवून घेतले. इकडच्या बँकेने उतरवून घ्यायचे घेतले, आणि रुपये करताना भावही आपल्या मर्जीचा लावला. महिन्याचे चार रविवार शिकवते, त्यातला एक रविवार मी बँकांनाच शिकवला म्हणायचं.

उरले त्यातून सचिनने स्कूटरचा विमा भरला. मला सांगून भरला, लपवून नाही. "घरचेच पैसे ना?" घरचेच. तरी संध्याकाळी पासबुक दोनदा उघडून पाहिलं.

मला माझं एक खातं हवं आहे. त्यात फक्त शिकवणीचे पैसे यावेत. खर्च मग स्कूटरवरच करीन एखादवेळेस, पण मी करीन.

२३ नोव्हेंबर, रविवार

शिकवणी. रिव्काला पुस्तकी मराठी नकोच आहे. तिच्या फ्लोरा आजी आपल्याकडच्या बेने इस्राएल, पनवेलला जन्मल्या, लग्नानंतर तिकडे गेल्या. आयुष्यभर तिकडची भाषा बोलल्या, आणि आता म्हातारपणी ती भाषा त्यांच्या डोक्यातून निघून चालली आहे, आधी नवे शब्द, मग जुने. मराठी तेवढी राहिली आहे, तीही लहानपणची. नातीला आजीशी बोलायचंय, ती पुरती निघून जायच्या आत.

आज आजी स्क्रीनवर आल्या. बारीकसा चेहरा, केसांवर रुमाल. मला म्हणाल्या, "तल्यात पानी हाय का गो?"

मी म्हटलं, "हाय आजी, भरलेला हाय."

तोंडातून कसं सुटलं कळलं नाही. किती वर्षांनी. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सा.बा. म्हणाल्या होत्या, "आपल्याकडे हाय-नाय नको हं." रागावून नाही, पदर सारखा करायला सांगावा तसं. सासूबाईंचं सगळं तसंच असतं, हळू आणि शेवटचं.

रिव्का म्हणाली, "जयश्रीताई, हेच. हेच शिकवा."

जयश्री. शिकवणीच्या साइटवर नाव भरताना हेच लिहून गेले. माहेरचं. इथे मी मानसी. सा.बां.चंही नाव जयश्री, आणि एका घरात सासू-सून एकाच नावाच्या कशा चालतील? मुलगा बायकोला हाक कशी मारणार? म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरले, आणि सचिनने अंगठीने 'मानसी' लिहिलं. अक्षर चांगलं आहे त्याचं. मी वाकून वाचत होते, कुणाचं तरी छान नाव आहे म्हणून.

२६ नोव्हेंबर

बँकेत. परदेशी पैशांच्या टेबलावर एक मॅडम बसतात, कपाळाला आठी, पण समजावतात मनापासून. म्हणाल्या, थोडे थोडे पैसे येणार असतील तर बँकेतून बँकेत तारेने, म्हणजे वायर ट्रान्सफरने मागवू नका, मार्गातच झिजतात. हल्ली कंपन्या आहेत, त्या आपल्याला तिकडच्या देशातला खाते नंबर देतात. विद्यार्थिनीने तिथल्या तिथे भरायचे, तिला वाटणार शेजारणीला दिले. कंपनी त्या दिवशीच्या भावाने रुपये करून इकडच्या खात्यात टाकते. फी काय ती आधीच सांगते, एकदाच घेते. कशाचे पैसे ते विचारतात, तिथे शिकवणी असं खरं लिहायचं. पैसे आल्याचा दाखला मिळतो, तो जपून ठेवायचा, कर भरताना लागतो.

ऐकताना मी तिकडे पोचलेसुद्धा. माझा नंबर तिथल्या एखाद्या बँकेत, खिडकीबाहेर संत्र्याची झाडं, आणि नंबर बिचारा एकटा बसलेला.

"फक्त नाव सगळीकडे एकच पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "पॅन, आधार, खातं."

पॅन कार्ड लग्नाआधीचं, कंटेनर यार्डात वर्षभर नोकरी केली तेव्हाचं, जयश्री नाखवा. आधार आणि खातं, मानसी पाटील. मॅडमनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ह्यातल्या तुम्ही कोण?"

सहज विचारलं त्यांनी. मी हसले. रिक्षात बसल्यावर हसू गेलं.

३० नोव्हेंबर, रविवार

सचिनला युक्ती सुचली. रविवारी जेवल्यावर त्याला सुचतात. "आईच्या नावावर काढू. जयश्री पाटील. पॅन, आधार, खातं, सगळं जुळतंय. साइटवर तूही जयश्रीच आहेस." आईंचं खातं गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेलं, तेव्हापासून झोपलेलंच.

मला पोटातून हसू आलं. ह्याच नावापायी माझं गेलं, आणि आता पैसे यायला तेच नाव उपयोगी पडतंय. मग म्हटलं, बरोबर नाही हे, कमावते मी आणि कागदावर त्या. "एका महिन्यापुरतं," सचिन म्हणाला. आणि मी ऐकलं. तिकडे पैसे अडकून पडतील ह्याची भीती वाटली.

सा.बां.नी सवयीने फोन दिला, गॅसचा नंबर लावायला देतात तसा. कंपनीला फोटो लागतो म्हणून कॅमेऱ्यासमोर चेहराही केला सरळ. कशाला ते त्यांनी विचारलं नाही. सचिन म्हणाला, मी सांगतो त्यांना नीट.

९ डिसेंबर

आले! परवा रिव्काने भरले, काल दुपारी जमा. कापले ते अगदी चहापाण्याइतके. कुठे समुद्र नाही, वाट पाहणं नाही. थोडं चुकल्या-चुकल्यासारखंही वाटलं, खरं सांगायचं तर.

पण सचिनने आईला सांगितलंच नव्हतं. विसरला.

सा.बां.ना मेसेज आला, जमा. त्यांना वाटलं सरकारने टाकले. आज भजनी मंडळाच्या सगळ्या बायकांना तळ्याजवळच्या हॉटेलात घेऊन गेल्या. मिसळ, वर आईस्क्रीम. सा.बा. आणि हॉटेल! संध्याकाळी आल्या त्या गुणगुणत. साडी तीच पण माणूस वेगळं. म्हणाल्या, "कुणी टाकले ते विचारलंच नाही मी. माझ्या नावावर कधी काही आलं होतं का याआधी?"

सचिन टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

१० डिसेंबर

सांगितलं. मीच. सचिनवर कालपासून धुसफुसत होते, आईंसमोर मात्र राग कुठे गेला कळेना.

ऐकून त्या ओट्याचा कोपरा पुसत राहिल्या, स्वच्छ होता तरी. मग आतून पाकीट आणलं. "उरलेत ते घे. बाकीचे देईन." मी नको म्हटलं. त्यांनी पाकीट डब्यावर ठेवलं. तिथेच आहे अजून, दोघीही हात लावत नाही.

"पण तू माझं नाव कशाला लावलंस?"

"माझंच नाव आहे ते, आई."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले हे. कुकर झाला, त्यांनी गॅस बंद केला आणि आत गेल्या. वाईट वाटलं मला. आणि बरंही वाटलं, दोन्ही.

१६ डिसेंबर

मेथी निवडत बसलो होतो. सा.बा. गेले काही दिवस कामापुरतंच बोलत होत्या. आज खाली बघूनच सुरुवात केली.

"माझं तरी कुठं हाय ते."

मला वाटलं मेथीबद्दल काही म्हणतायत.

"जयश्री. इथं आल्यावर ठेवलं. मी वेणू. सुकापूरची वेणू. यांना गावठी वाटलं, शहरातलं पाहिजे म्हणाले. जयश्री लिहिलं तांदळात. मला तर वाचताही येत नव्हतं धड, शेजारच्या बाईने वाचून दाखवलं, हे तुझं नाव."

निवडलेली जुडी बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

"तुझं मी मागितलं नव्हतं गो. रीत होती. मला वाटलं, मिळालंय एक, तेवढं तरी राहू दे माझ्याकडं."

मी त्यांच्याकडे बघत बसले. मनात सारखी एक दुसरीच मुलगी येत होती, सुकापुरात इमारती नव्हत्या तेव्हाची, भाताच्या बांधावरून पळणारी. तिला कुणीतरी हाक मारतंय, वेणू, आणि ती येत नाहीये. दुपारभर तेच. वरणात मीठ दोनदा पडलं.

२१ डिसेंबर, रविवार

शिकवणीला सा.बा. आल्या. दारातच उभ्या राहिल्या होत्या, मग खुर्चीच्या टोकावर, मग सरळ माझ्या जागेवर. फ्लोरा आजींनी विचारलं, "तू कोनाची?"

"सुकापूरची हाय मी. वेणू."

मग काय, दोघी सुटल्याच. तळं, बाजारातली कोलीम-सुकट, माळी बाईच्या वालाच्या शेंगा, कुठल्याशा लग्नात सांडलेला मलिदा. कुणाचं लग्न ते दोघींनाही आठवेना, बहुतेक दोघींची वेगवेगळी लग्नं होती, पण काही बिघडलं नाही. रिव्का भराभर लिहीत होती आणि रडत होती. माझ्याकडे काही कामच नव्हतं. इतका सुंदर तास मी शिकवला नाही कधी.

संपल्यावर सा.बा. म्हणाल्या, "ह्याचे पैसे घेतेस तू?" आणि मनापासून हसल्या.

३० डिसेंबर

बँकेत, सा.बां.ना घेऊन. मॅडमनी आधी मला झापलं. दुसऱ्याच्या खात्यात स्वतःची कमाई मागवायची नाही, घरातली असली तरी. उद्या कर विचारणार तर त्यांना विचारणार. मान खाली घालून ऐकलं, बरोबरच होतं. कंपनीला आजच कळवून दुरुस्त करायचं ठरलं.

पुढे दोन रस्ते. सोपा: पॅन मानसी करायचं. लग्नाचा दाखला आहे, थोडक्यात होईल, पुढचे पैसे माझ्या स्वतःच्या खात्यात. लांबचा: राजपत्रात नाव बदलल्याचं छापून आणायचं, मग आधार, मग पॅन, मग खातं, सगळं जयश्री. तोवर पैसे कंपनीकडेच थांबणार.

सचिन फोनवर म्हणाला, सोपं ते कर. चिडून नाही. त्याला मानसीच माहीत आहे, त्याने स्वतः लिहिलेली.

सा.बा. म्हणाल्या, "हिचं जयश्री करा."

मॅडम म्हणाल्या, "आजी, एका पत्त्यावर दोन जयश्री पाटील, घोळ होईल. आत्ताच झाला ना."

"मग माझं काढा. मला आता त्या नावाने हाक मारायला राहिलंय कोण?"

सासरे गेले त्याला बराच काळ झाला. मी आई म्हणते, सचिन आई म्हणतो, बायका काकी म्हणतात. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वर बघवेना.

काढता येत नाही तसं, मॅडमनी समजावलं. दोघींची मधली नावं वेगळी आहेत, पूर्ण लिहिली तर चालेल. विचार करून या म्हणाल्या.

५ जानेवारी

रिव्काने काल भरले. कंपनीचा मेसेज आहे, रक्कम मिळाली, खातेदाराचं नाव नक्की करा. तोपर्यंत ते पैसे तिकडे. मला हवं होतं ते खातं एका सहीवर आहे, मानसी म्हणून. सचिन विचारत नाही, पण सकाळी दारातून निघताना जरा थांबतो. मॅडमना उद्या उत्तर द्यायचं.

दुपारी गच्चीत मिरच्या वाळत घातल्या होत्या. ऊन उतरत होतं, मी कठड्याशी उभी, नुसतीच. मागून सा.बां.नी हाक मारली, "जयश्री."

मी वळलेच नाही. वाटलं, त्यांना कुणीतरी बोलावतंय.

त्यांनी पुन्हा मारली. तिसऱ्यांदा जवळ येऊन, हाताला धरून.