मीटर कोंडीबाच्या नावावर

३ फेब्रुवारी २०२५, कुंडल

मी स्वतःच्या हातानं केलेलं — पंपाचे मोबाईल स्टार्टर, ४३. हळद पॉलिश करायची पिंपं, २. द्राक्षबागेचा फवारणी गाडा, १ (उतारावर उलटला; चूक उताराची). घराचं वायरिंग, सगळं. शिक्षण: दहावी नापास. तेही कुणाच्या मदतीशिवाय!

यादी प्रांजलला पाठवली. लेक पुण्यात नोकरीला. सांगलीच्या प्रदर्शनात माझा स्टार्टर बघून पुण्याच्याच एका शेतीयंत्रांच्या कंपनीनं मुलाखतीला बोलावलंय — प्रॉडक्ट मॅनेजर! दिवाळीपासून एक स्टार्टर खपलेला नाही. रेश्मा म्हणाली, "आवं, जावा की. न्हाईतर बसा दुकानात माश्या मोजत." बायको आहे, बोलणारच.

५ फेब्रुवारी

प्रांजलनं 'फ्रेमवर्क' पाठवलं. प्रश्न कुठलाही येवो, सात पायऱ्या चढायच्या — परिस्थिती, वापरणारा, अडचण, उपाय, प्राधान्य, मोजमाप, सारांश. आणि उत्तर आधीच येत असलं तर? "पप्पा, तरी थांबायचं. विचार करताय असं दिसलं पाहिजे." म्हणजे नाटक.

८ फेब्रुवारी

सरावाचा प्रश्न: सांगली जिल्ह्यात फ्रिज किती? अंदाजे! मी आजवर वायरसुद्धा अंदाजे कापली नाही. "दोन महिने द्या, मोजून सांगतो," म्हटलं. प्रांजल हसत सुटली. मी हसलो नाही.

९ फेब्रुवारी

सात पायऱ्या चढलो. उतरलो. होतो तिथंच आहे.

१२ फेब्रुवारी

आज स्वतःच्याच स्टार्टरवर सराव. लाईट आली की स्टार्टर मालकाला फोन करतो, मालकानं उलट फोन केला की मोटर सुरू. नंबर एकच चालतो आणि डब्याला कुलूप — दुसऱ्या कुणी आगाऊपणा करू नये म्हणून. अक्कल माझीच!

दुसरी पायरी: वापरणारा कोण? सोपं. मीटर ज्याच्या नावावर, तो. वही काढली. नावं मी लाईट बिलावरून उतरवलेली. पहिलंच — कोंडीबा. वारून अकरा वर्षं झाली. स्टार्टर चार वर्षांपूर्वीचा.

म्हणजे मयताला विकला!

१३ फेब्रुवारी

कोंडीबाच्या मळ्यात गेलो. त्याची सून शालूबाई विहिरीवर बसलेली.

"लाईटची वाट बघतीय."

"अगं, स्टार्टर फोन करतो की!"

"करतोय की. ह्यास्नी. जम्मूला."

नवरा सिद्धू फौजेत. नंबर त्याचा. तो ड्यूटीवर असला की फोन बंद. "आवं भाऊ, उसात पाण्याची दारं धरायची मी, आन् फोन जम्मूला! तुमचं मिशीन यायच्या आदी निदान बटण तरी दाबत हुते. आता लाईट आली तरी कुलपाच्या तोंडाकडं बघत बसायचं."

मी म्हटलं, आधी सांगायचं नाही का?

"चार वर्सात तुमी आज आलायसा. ते बी वही घिऊन!"

१७ फेब्रुवारी

बाकीच्यांकडे फिरून आलो. पाणी पाजणार बाई आणि नंबर पुरुषाचा — एकतीस ठिकाणी. एका घरी चहा दिला आणि साखर मुद्दाम कमी घातली.

फ्रेमवर्कला नावं ठेवणं तूर्त बंद.

२१ फेब्रुवारी

मुलाखत. समोर ऋषिराज म्हणून साहेब, माझ्या निम्म्या वयाचा. "काका, तुमच्या आवडत्या प्रॉडक्टमध्ये सुधारणा सांगा." स्टार्टर सांगितला. दोष सांगितला. दोष कुणाचा, तेही सांगितलं. मध्ये एकदा थांबलो — नाटक नव्हतं, वहीतला आकडा पुन्हा बघितला: एकतीस.

"यश कसं मोजाल?"

"शालूबाई विहिरीवर बसलेली दिसली नाही, की झालं."

त्यानं ते लिहून घेतलं. स्वच्छ अक्षर आहे पोराचं.

२७ फेब्रुवारी

निवड झाली! दहावी नापास मॅनेजर! प्रांजल फोनवर रडली. रेश्मानं अर्ध्या गल्लीला सांगितलं, उरलेल्या अर्ध्या गल्लीनं एकमेकांना.

पत्र तीनदा वाचलं. कलम नऊ: नोकरीत असेपर्यंत स्वतःची यंत्रं बनवायची नाहीत, विकायची नाहीत, दुरुस्त करायची नाहीत. ऋषिराजला फोन केला — आणि आधी दिलेली? ती तर चुकलेली आहेत! "ती आता सोडून द्या, काका. प्राधान्यात बसत नाहीत." पाचवी पायरी! पोरगं फ्रेमवर्कात पक्कं आहे.

परवा सही करून पाठवायची.

१ मार्च

सकाळी कोंडीबाच्या विहिरीवरचा डबा खोलला, शालूबाईचा नंबर घातला, किल्ली तिच्या हातात दिली. बाकीचे डबे अजून राहिलेत. मग पुण्याला नाही म्हणून कळवलं. मी स्वतःच्या हातानं सोडलेलं — प्रॉडक्ट मॅनेजर, वर्षाला चौदा लाख चाळीस हजार रुपये.