ओडेसाचा आवाज आणि माझी सही

मी अलोन्झो पेटिफर्ड, ब्रॉन्क्समधल्या बोस्टन रोडवर राहणारा, 'बोस्टन रोड थ्री' या हिपहॉप गटाचा डीजे. सगळे मला चॉक म्हणतात. हृदय दगा द्यायला लागलं आहे, डोकं मात्र ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. कोणी सांगितलं असतं तर लिहिलंच नसतं. याआधीचं रद्द समजावं. त्यात मी आमच्या गटातल्या थॅडवर विश्वास टाकला होता.

१. राहतं घर बहीण क्लॉडेट हिला. तिने आधी कुलूप बदलून घ्यावं. किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, हे मलाही सांगता येणार नाही.

२. मोठे स्पीकर चर्चच्या तळघराला. पाद्रीबुवांनी ते विकू नयेत. विकतील असं वाटतं, म्हणून लिहून ठेवतो.

३. आता नव्या अल्बमविषयी. थॅडियस ग्रीर आणि लमाँट सिब्ली रॅप करायचे, मी तबकड्या फिरवायचो. लमाँट वारला आणि आमचं सगळं थांबलं. इतक्या वर्षांनी थॅडने पुन्हा अल्बमची भाषा काढली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग त्याने एक गाणं ऐकवलं. त्यात लमाँट होता. तोच खरखरीत आवाज, ओळीच्या शेवटी तसाच रेंगाळणारा.

"जुनी टेप सापडली," थॅड म्हणाला.

"कुठे?"

"त्याच्या आईकडे. अरे, तू पोलीस आहेस का?"

पण गाण्यात चौकातल्या दवाखान्याचा उल्लेख होता. लमाँट गेला तेव्हा त्या जागी सिनेमागृह होतं. थॅडने यंत्राकडून आवाजाची नक्कल करवून मेलेल्या माणसाला बोलतं केलं, अशी माझी खात्री झाली. न कळवता मी स्टुडिओत जाऊन थडकलो.

काचेपलीकडे एक तरुणी उभी होती. लमाँटची मुलगी, ओडेसा. बापाच्या दफनाच्या वेळी ती आत्याच्या मांडीवर झोपली होती. तिने तोंड उघडलं आणि लमाँट बोलू लागला. मी खुर्ची ओढून बसलो.

"लोकांना लमाँट हवाय रे," थॅड कुजबुजला. "पोरीला कोण ओळखतं? अल्बमवर त्याचं नाव टाकू, कोणाला कळतंय?"

ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुला हे चालतं?"

"थॅडकाका म्हणाले, तुम्हीच असं ठरवलंय."

"मी?"

थॅड आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

"गाणी कोणाची?"

"सगळी माझी."

"मग नाव त्याचं का?"

"माझं हवंय का, हे आधी कोणी विचारलंय कुठे?" ती म्हणाली.

४. अल्बम बाहेर यायला गटातल्या हयात दोघांच्याही सह्या लागतात. मी अजून केलेली नाही. माझ्या पश्चात सहीचा हक्क ओडेसा सिब्ली हिला मिळावा. थॅड माझ्या मरणाची वाट पाहत असेल, तर त्याने तिची मनधरणी करायला आत्ताच सुरुवात करावी. मुखपृष्ठावर तिचं नाव आमच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत असावं. वकिलाने विचारलं, "उद्या हीसुद्धा थॅडसारखीच निघाली तर?" हा विचार मीही केला. केला, आणि तरी लिहितो आहे.

५. टर्नटेबल आणि तबकड्या तिलाच. माझ्या आवाजाची नक्कल कोणत्याही यंत्राकडून करून घेऊ नये.

६. अंत्यविधीला थॅडने जरूर यावं, पुढच्या बाकावर बसावं. त्याला माईक देऊ नये.

७. साक्षीदार व्हायला थॅड आपणहून आला. त्याने सगळं वाचलं, माईकचं कलमही. कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "मुखपृष्ठावर तिचं नाव माझ्या आधी घाल." यात त्याचा काय डाव आहे, हे मला अजून कळलेलं नाही. तरी तसं घालावं, असं मी इथे नमूद करतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

अलोन्झो पेटिफर्ड (सही)

साक्षीदार: थॅडियस ग्रीर (सही)
साक्षीदार: विल्हेल्मिना टॉलिव्हर, शेजारीण (सही)

ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क
४ मार्च २०२४