मे महिन्यातला कोट

महाड
ता. १४ नोव्हेंबर १९९९

प्रिय इरशाद,

दुवा. तब्येत कशी हाय ते विचारत नाय. तू रागात हायस, आणि रागातल्या माणसाला विचारून काय फायदा? लिहायचा मला कंटाळा. चौथी शिकलेली मी, काना-मात्रा चुकली तर सोडून दे. तू सात आठवडे फोन केला नायस, म्हणून ही पाळी आली.

पहिली खबर ही, की तुझी बायको अम्बरीन इथं नाय. पोलादपूरला बापाकडं गेली. मी हाकलली नाय, भांडण पण नाय. तुझा शेवटचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या करून ठेवल्या, पेटी भरली, म्हणाली, “फुफी, येते.” मी म्हटलं, “ये.” आणखी काय म्हणणार? दुसरी खबर, माझा गुडघा सुजलाय. त्याचं काय लिहायचं नाय.

तुमचा निकाह झाला तेव्हा तू दीड महिना इथं होतास. तुझा दोस्त शहबाज व्हिडिओवाला आणणार होता, मीच त्याला पिटाळला. म्हटलं, निकाह हाय का नाटक? मौलवी काय बोलले नव्हते, मीच बोलले. मला नाय आवडत ते. तुझ्याकडं कॅमेरा होता. तू सगळ्यांचे फोटो काढलेस. माझा काढलास, शेळीचा काढलास, अम्बरीनचे तर दहा-बारा काढलेस. पण काढणारा तूच, मग तुझा कोण काढणार? एकदा शहबाज म्हणाला, “भाभी, भाईच्या बाजूला उभी राहा.” तेव्हा मी ओट्यावरून ओरडले, “मोठ्या माणसांसमोर चिकटून उभं राहायचं? चल गो, भात उतू चाललाय.” ती गेली. आपल्याकडं अशीच रीत, मी काय नवीन नाय सांगितलं.

मग ऑगस्टात मुंबईच्या त्या व्हिसाच्या ऑफिसचं पत्र आलं, अम्बरीनला तुझ्याकडं पाठवायच्या मुलाखतीचं. लग्न खरं हाय त्याचे पुरावे आणा. निकाहनामा होता. चिठ्ठ्या आणा म्हणाले, तर तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्या नावावर. बायकोच्या नावानं पाकीट आलं तर पोस्टमन गावभर करील, म्हणून तूच तसं करायचास. आत तिच्यासाठी एक ओळ, “बाकी सगळ्यांना सलाम.” ती ओळ कोणासाठी ते मला कळत होतं, साहेबाला कसं कळणार? आणि दोघांचा एकत्र फोटो आणा. तो तर नव्हताच.

अम्बरीन म्हणाली, “नाय तर नाय, फुफी. का नाय ते मी खरं सांगीन.” मला तिचा राग आला. म्हटलं, “खरं कोण ऐकतो गो? कागद बघतात.” आपल्या महाडात नवरा कुवेतला, बायको इथं, अशी किती घरं. मुरारी स्टुडिओवाला दोघांचे वेगळे फोटो घेतो, जोडून एक करून देतो. भिंतीवर लावतात, सण आला की पुसतात. कोण म्हणतो का खोटा हाय म्हणून? मला वाटलं, तसाच एक.

घरात तुझा एकच चांगला फोटो, तिकडच्या थंडीतला, कोट आणि गळ्याला मफलर. मुरारीला म्हटलं, “कोट काढ.” तो हसला. “चाची, कोट काढला तर मान पण येईल बरोबर.” मग तसाच जोडला. मागं धबधब्याचा पडदा. अम्बरीन निकाहच्या कपड्यांत, बाजूला तू मफलर गुंडाळून.

मुलाखतीत साहेबानं पहिला तोच फोटो उचलला. दुभाषी बाईनं विचारलं, “निकाह मे महिन्यात, मग यांनी कोट का घातलाय?” पुढं विचारलं, “हा कोणी बनवला?” अम्बरीन म्हणाली, “मी.”

मी बाहेर बाकावर बसले होते. तिनं हे मला परतीच्या एसटीत सांगितलं. मी म्हटलं, “बरं.”

मग नकाराचं पत्र आलं. फोटो खोटा, म्हणून लग्नाचा पण भरवसा नाय. तू फोन केलास. शेजारच्या रऊफकडं आमी दोघी गेलो. तू काय बोललास ते तुला ठाव हाय. ती एवढंच म्हणाली, “माझी चूक झाली.” मी तिच्या बाजूला, हातभर अंतरावर उभी होते. तिच्या हातून रिसीव्हर घेतला असता तर झालं असतं. घेतला नाय. तुझी आई गेल्यावर बारा वर्षं मी, तुझ्या बापाच्या बहिणीनं, तुला वाढवलं, तुझ्या नजरेतून उतरायचं मला जमेना.

आता माझ्या डोळ्यांनी बघितलेलं ऐक. आपल्याकडं बायका मागाहून जेवतात. तुला काटेरी मासा खाता येत नव्हता. ती रोज काटे काढून मासा तुझ्या ताटात ठेवायची, तुझ्याकडं न बघता. आणि तू त्यातला पोटाचा तुकडा भाताखाली दडवून ताटात ठेवायचास. ती तुझ्याच ताटात जेवायची. दीड महिना हे चाललं. मला दिसत नाय असं तुमाला वाटायचं. साहेबानं मला आत बोलावलं असतं तर हेच सांगितलं असतं.

परवा पोलादपूरला जाऊन आले. तिचा बाप म्हणाला, “तुमच्या पोराला कागद पाहिजे, बायको कुठं पाहिजे?” अम्बरीनला म्हटलं, “मी इरशादला सगळं कळवते.” ती म्हणाली, “नको, फुफी. माझ्यावरचा राग उद्या जाईल. तुमी त्याला आईच्या जागी, तुमच्यावरचा जन्मभर जाणार नाय.” तिचं न ऐकता लिहिते हाय. अपिलात तुझा वकील खुलासा मागतो, असं शहबाजकडून कळलं. महाडच्या वकिलाकडून स्टॅम्पपेपर करून घेतलाय, फोटो मी बनवला, सुनेनं नाय, खाली माझी सही. तो सोबत हाय. ही चिठ्ठी पण त्याला दे, मराठी येत नसेल तर वाचून दाखव. राग करायचा तर माझा कर, पण आधी तिला फोन कर. तिच्या घराखालच्या दुकानाचा नंबर तुझ्याकडं हाय, निकाहच्या आधी तिथंच करायचास. शुक्रवारी दुपारी, तुझ्या वेळेला, ती तिथं जाऊन बसते. उगाच बसली असं कोणी म्हणू नये, म्हणून मिठाची पुडी घेते. सात पुड्या झाल्यात. तिच्या आईनं मला फळीवर मांडलेल्या दाखवल्या.

तुझीच,
बेगम फुफी