ओढ्याकाठचा राखीव तुकडा

१९ मे, मंगळवार

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. मोठी आहे म्हणून द्यावे लागतात, म्हणून देते. इकडे सगळं ठीक. गोठ्यातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. तुझ्या लेकीचा खोकला गेला का ते कळव.

आता मुद्द्याचं. चाऱ्याच्या भरपाईचा माझा अर्ज नामंजूर झाला. शेजाऱ्यांचा मंजूर झाला आणि काल त्यांच्याकडे सरकारी चाऱ्याची पहिली गाडीही आली. त्यांच्या आणि माझ्या कुरणात फक्त एक तार आहे. दुष्काळ काय तार बघून थांबला? मी तुमच्या कार्यालयात गेले. तू नेमका दौऱ्यावर. कारकून बाईंनी फाईल पुढे सरकवली. शेरा होता, ‘प्रत्यक्ष पाहणी केली. ओढ्याकाठच्या तुकड्यात पुरेसे गवत उपलब्ध.’ खाली तुझी सही. शेवटचं अक्षर तू अजून शाळेतल्यासारखंच खाली ओढतोस.

प्रत्यक्ष पाहणी! कधी केलीस रे? तुझी गाडी फाटकापाशी आली असती तर कुत्र्याने अख्खं घर डोक्यावर घेतलं असतं. बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून आला नाहीस, हे समजू शकते. मग दुसऱ्या कुणाला पाठवायचं होतंस. खुर्चीत बसून कुरण पाहणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच!

गाई व्यायच्या आधी त्या तुकड्यात एकही जनावर सोडायचं नाही, हा बाबांचा नियम. लहानपणी तू तिथे वासरू सोडलंस, तर त्यांनी तुला दिवसभर फाटकाशी उभं केलं होतं. तिथे गवत असणारच, असं तू त्या भरवशावर लिहिलंस.

नुसतं त्याच भरवशावर नाही. इथवर लिहून रात्रभर हे पत्र तसंच ठेवलं होतं. महिन्यापूर्वी तू फोनवर विचारलंस, "ताई, राखीव तुकडा शाबूत आहे ना?" मी म्हणाले, "म्हणजे काय! बाबांचा शब्द मोडेन का मी?" तेव्हा तिथली काडी न् काडी संपून तीन आठवडे झाले होते. गाईंच्या बरगड्या बघवेनात, म्हणून फाटक मीच उघडलं. बाबा गेले तेव्हा तू म्हणाला होतास की हे मला एकटीला झेपणार नाही. तुझं म्हणणं खरं ठरू द्यायचं नव्हतं मला.

तर खोटं मी बोलले. पण भावाशी बोलले. ते तू स्वतः पाहिल्यासारखं सरकारी कागदावर चढवलंस, याची चीड अजून जात नाही.

फेरपाहणीची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. शनिवारी व्यापाऱ्याचा ट्रक येतोय. अकरा गाभण गाई जातील. त्यात ती पांढऱ्या कपाळाचीही आहे, जिला तू बाटलीने दूध पाजून जगवलंस. खरं लिहिलंस तर आधीचा शेरा खोटा ठरेल आणि तुझ्या नोकरीवर गदा येईल, हे मला कळतं. तरीही ये म्हणते. माझं खोटं मी साहेबांसमोर माझ्या सहीने लिहून देईन. तू तुझं लिही.

ओढ्याकडचं फाटक उघडंच आहे. ते लावून घ्यावं असं आत काही उरलेलं नाही. ये आणि एकदा डोळ्यांनी बघ.

तुझ्यावर संतापलेली, आणि शुक्रवारपर्यंत रस्त्याकडे डोळे लावून बसलेली,

ताई