पेल्यातलं पिल्लू

सांडोर, वसई
५ जानेवारी २०२५

चि. ओवीस,
काका-काकूचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू हो काका, हो काका करत विषय पुण्याच्या थंडीवर नेतेस, म्हणून हे पत्र. ते मध्येच कापता येत नाही.

कवचाशिवाय, प्लास्टिकच्या पेल्यात अंडं उबवून तू पिल्लू काढलंस, तेव्हा अख्खी आळी आपल्या वाडीत लोटली होती. शेजारचा क्लिफर्ड अजून विचारतो, एकनाथच्या कोंबड्या संपावर गेल्या होत्या काय. पण पिल्लाचा डावा पाय वाकडा निघाला आणि तू दुसऱ्याच सकाळी बॅग भरलीस. आता कोंबड्या त्याला टोचतात. ते लंगडत सुमनकाकूच्या मागे स्वयंपाकघरात येतं आणि ती केळफूल सोलायला बसली की तिच्या पदरात झोपतं.

दिवाळीत तूच मला ती जुनी इंग्रजी कादंबरी सांगितलीस. तरुण शास्त्रज्ञ मेलेल्या देहांतून माणूस घडवतो आणि त्याने डोळे उघडताच घाबरून पळतो. त्याच्यावर केवढी चिडली होतीस! तो निदान घाबरून पळाला, तू चहा-पोहे खाऊन गेलीस.

काकूचा जीव तुझ्यात आहे, माझाही.
एकनाथकाका

पुणे
१२ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

टोचायला तुम्ही कोंबड्यांकडून शिकलात की त्या तुमच्याकडून?

खरं सांगते. पेल्यात त्याचं हृदय धडधडताना पाहिलं, तेव्हा मी कुणीतरी मोठी झाले असं वाटलं. मग तो पाय दिसला आणि ते पिल्लू माझं म्हणायलाच नको वाटलं.

लवकरच विद्यापीठाच्या स्पर्धेत माझं सादरीकरण आहे. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, जन्माचा व्हिडिओ दाखव, पायाचं बोलू नकोस, नाहीतर पुढच्या अंड्यांची परवानगी अडकेल. काय करू?

रागावा, पण दूर लोटू नका.
तुमची ओवी

सांडोर
१९ जानेवारी २०२५

चि. ओवीस,
अनेक आशीर्वाद.

काकू म्हणते, पाय दाखवायचा नसेल तर पिल्लूही दाखवू नकोस. मी म्हटलं, अगं, ती शास्त्रज्ञ आहे. ती म्हणाली, मग तर आधी पायच दाखवायला हवा. घरात खरी शास्त्रज्ञ कोण, याचा आता मला संशय येतोय.

गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. पहिल्या एक-दोन दिवसांत पट्टी बांधली असती तर पाय सरळ झाला असता, म्हणाले. आता तो तसाच राहणार. रागाने नाही, तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

जेवत जा. आमची माया आहे तशीच आहे.
एकनाथकाका

पुणे
२ फेब्रुवारी २०२५

ती. काका आणि काकूंस,
सा. न. वि. वि.

पाय दाखवला. पट्टीचं सांगितलं, आणि ती बांधायला मी तिथे नव्हते, हेही. बक्षीस माझ्या वर्गातल्या सुमेधच्या शेवाळावरच्या प्रयोगाला मिळालं. शेवाळाला पाय नसतात, हा त्याचा मोठा फायदा.

सर अजून धड बोलत नाहीत. परवानगी अडकली नाही, पण नवी अंडी मीच नाकारली. जन्मल्यावर त्यांचं कोण बघणार, हे ठरल्याशिवाय मी पेला हातात घेणार नाही.

शनिवारी येते. काकू, ते मला ओळखणार नाही, कबूल आहे. ओळखेपर्यंत राहीन.

पदरात थोडी जागा माझ्यासाठीही ठेवा.
ओवी